जोडी हाय का?

गौरी-गणपती उठले की उन्हाचा रंग बदलतो. श्रावणातलं धुतलेलं ऊन संपतं आणि एक पातळ, पिवळसर, तापातून उठल्यासारखं ऊन अंगणात येऊन बसतं. गल्लीत कुणाकडे तरी मुगाच्या शेंगा वाळत घातलेल्या असतात. दुपारच्या शांततेत त्या तडतडतात. माझ्या वयाच्या माणसाला या दिवसांत झोप येत नाही आणि कामही नसतं. मग मी ओसरीवर बसून राहतो आणि अंगाला उगाच पाण्याचा वास येतो आहे असं वाटतं.

लातूरला आता पोहण्याचा तलाव झाला आहे. याच दिवसांत तिथे दरवर्षी पोहणाऱ्यांचा एक दिवस साजरा होतो. निवृत्त मुख्याध्यापक म्हणून मला आवर्जून बोलावतात, पुढच्या रांगेत खुर्ची देतात, गुलाबाचं फूल देतात. तलावाचं पाणी इतकं स्वच्छ असतं की तळाच्या फरश्या मोजाव्यात. त्याला औषधाचा वास येतो. पाण्यावर दोऱ्या ताणलेल्या असतात, आणि दोन दोऱ्यांच्या मधली वाट एकेकाची. मुलं आपापल्या वाटेच्या तोंडाशी वाकून उभी राहतात. शिट्टी वाजते, पाणी फुटतं, पालक ओरडतात, ‘‘दम सोडू नको! बाजूला बघू नको!’’

मला हे सगळं आवडतं. या मुलांचं कौतुक वाटतं. फक्त शिट्टीच्या आधीच्या त्या शांत क्षणात मी नकळत कान देऊन बसतो. आता कुणीतरी मोठ्याने विचारेल आणि काठावरचे सगळे उत्तर देतील, असं वाटत राहतं. कुणी काही विचारत नाही. शिट्टी वाजते.

मी पोहायला शिकलो ते विहिरीत. आमचं गाव मुखेडच्या बाजूला, कोरडवाहू. नदी म्हणजे पावसाळ्यात चार दिवस खळखळणारा एक ओढा. पण विहिरी चांगल्या होत्या, आणि आमच्याकडे पोर चालायला लागलं की त्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला पाण्यात टाकण्याची रीत होती. पहिल्या वर्षी भोपळा, दुसऱ्या वर्षी बापाचा हात, तिसऱ्या वर्षी काही नाही. विहिरीतलं पोहणं म्हणजे वरून उडी मारायची, तळाला पाय लावायचा, वर यायचं आणि दगड धरेपर्यंत गोल फिरायचं. विहिरीचं पाणी कुठे जात नाही. जिथे सोडावं तिथेच ते आपल्याला सापडतं.

घरात शिकणारा मी पहिलाच. धाकट्या भावाने औत धरलं म्हणून मी पुस्तक धरू शकलो, हे मी आजही रोज आठवतो. हैदराबादेत बी. ए. झालो. निकाल घेऊन घरी आलो तेव्हा वडील बैलांना पाणी दाखवत होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, खांद्यावरच्या उपरण्याने बाज झटकली आणि म्हणाले, ‘‘बसा.’’ तोपर्यंत ते मला ‘ये रे, बस रे’ म्हणत आले होते. भावानेही त्या दिवसापासून ‘तुम्ही’ सुरू केलं. आई तेवढी ‘किशन’ म्हणायची, पण तीही हळू आवाजात, कुणी ऐकेल म्हणून. त्या एका ‘बसा’ने मी माझ्याच घरात पाहुणा झालो. त्यांचा त्यात दोष नव्हता. त्यांनी मला मान दिला होता.

नंतर नांदेडच्या सरकारी शाळेत नेमणूक झाली. निजामाची अमलदारी होती. शिकवणं उर्दूतून. मी जुगराफिया शिकवत असे, म्हणजे भूगोल. माझी उर्दू पुस्तकातली होती, पण तिला मुखेडच्या मातीचा वास होता, आणि पोरं माझ्या मागे माझ्या उच्चारांची नक्कल करत. बाकीचे मास्तर शेरवानी घालून येत, मधल्या सुट्टीत शेरोशायरी करत. मी हसण्याच्या जागी हसायचो. नदीजवळ, होळी नावाच्या मोहल्ल्यात, एक खोली घेतली होती. संध्याकाळी खोलीत कंदील लावायचो आणि चूल पेटवायचो. एकट्यासाठी भाकरी थापताना तिचा आवाज फार मोठा होतो, हे मला तिथे कळलं. आधी वाटायचं शेजारी काय म्हणतील. मग कळलं, शेजाऱ्यांना मी तिथे राहतो हेच पुरतं माहीत नाही.

म्हणून मी नदीवर जायला लागलो.

श्रावणातली गोदावरी गढूळ, तांबूस, आणि पात्र असं भरलेलं की पैलतीरची माणसं मुंगळ्यांएवढी दिसावीत. मी घाटाच्या पायऱ्यांजवळच्या शांत पाण्यात उतरायचो. खालून पाचव्या-सहाव्या पायरीवर एक गृहस्थ रोज छत्री मिटून बसलेले असत. पांढरं धोतर, काळा कोट, जाड मिशा. नरहरराव वकील. मला त्यांचं नाव ठाऊक होतं, त्यांना माझं नव्हतं. ते पाण्याकडे पाहत बसत, पण पायाचा अंगठासुद्धा ओला करत नसत.

तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी ते पहिल्यांदा बोलले.

‘‘काय हो, तुम्ही पोहून राहिलात का विहीर उपसून राहिलात?’’

मी पाण्यातच थांबलो.

‘‘गोल गोल का फिरता? नदीला कठडा नाही. कुठल्या गावचे?’’

मी गावाचं नाव सांगितलं.

‘‘तरीच. बेडूक चांगला आहे, पण विहिरीतला.’’

पायऱ्यांवरच्या बायका हसल्या. मीही हसलो, आणि या वेळी ते हसण्याच्या जागी हसणं नव्हतं. त्या गावात माझ्याविषयी कुणीतरी पहिल्यांदा काहीतरी बोललं होतं.

नांदेडच्या त्या घाटावर एक रीत होती. आता ती आहे की नाही ठाऊक नाही. गौरी गेल्या की येणाऱ्या पहिल्या शुक्रवारी गावातले पोहणारे नदी ओलांडत. शुक्रवार अशासाठी, की तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असे. शाळा बंद, अदालत बंद. पण सुरुवात दुपारनंतर, कारण पोहणाऱ्यांत अर्धे मुसलमान, आणि जुम्याची नमाज होईपर्यंत नदीने थांबायचं असा शिरस्ता. कोण पुढे, कोण मागे याला काही किंमत नव्हती. प्रत्येकाने डोक्याला फेटा बांधायचा आणि त्याच्या घडीत ज्वारीचं मूठभर पीठ ठेवायचं. पैलतीरावर महादेवाच्या लहानशा देवळापाशी गोवऱ्यांचा आर तयार असे. ज्यांचं पीठ कोरडं पोचलं त्यांचं सगळं पीठ एकत्र मळून एकच मोठा रोट भाजायचा आणि सगळ्यांनी मोडून खायचा. गाव घाटावर लोटायचं. बायका नदीची ओटी भरायच्या. हलगी वाजायची. पोहणाऱ्यांना त्या दिवशी नवरदेवासारखा मान.

पण एक अट होती. एकट्याने उतरायचं नाही. भरल्या नदीत जोडीशिवाय पाय घालायचा नाही, मग तो कितीही मोठा पोहणारा असो. नाव चालवणारा मारुती भोई पायरीवर उभा राहून दोघांची नावं पुकारायचा आणि काठाला विचारायचा, ‘‘जोडी हाय का?’’ सगळा काठ एका आवाजात म्हणायचा, ‘‘हाय!’’ मगच ते दोघे पाण्यात. एकदा धरलेली जोडी दरसाल तीच. दोघांतला एक जगातून गेला, किंवा दोघांपैकी कुणी घाटावर येऊन ‘सोडली’ म्हणाला, तरच ती सुटायची.

मला त्या शुक्रवारी नदी ओलांडायची होती. आज हसू येईल, पण त्या वर्षी मला दुसरं काहीच हवं नव्हतं. मारुतीने ‘किशन मास्तर’ म्हणून पुकारावं आणि साऱ्या गावाने ‘हाय’ म्हणावं. बस्स.

मी मारुतीकडे गेलो. तो नावेच्या फटीत सणाचे धागे कोंबत बसला होता.

‘‘मारुतीमामा, औंदा माझं नाव घ्याल का?’’

‘‘घेतो की. जोडी कोन?’’

‘‘जोडी नाही. पण मला पोहता येतं. चांगलं येतं.’’

‘‘मी कुठं म्हनलो येत न्हाई म्हनून? जोडी कोन, इचारून राहिलो.’’

 तो पुन्हा धागे कोंबायला लागला. मला वाटत आलं होतं की माणसाला काय येतं यावर सगळं ठरतं. परीक्षा तशाच दिल्या होत्या. इथे मला काय येतं हे कुणी विचारत नव्हतं.

शाळेत विचारून पाहिलं. ड्रॉइंगचे मास्तर म्हणाले, घरून परवानगी मिळायची नाही. कवायतीचे मास्तर पट्टीचे पोहणारे, पण त्यांची जोडी मेहुण्याशी होती. शाळेच्या शिपायाने तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्या बहिणीला मागणी घातली आहे. गल्लीत, वाण्याच्या दुकानात, वाचनालयात मी माणसांच्या खांद्यांकडे पाहत हिंडायचो. हा पोहत असेल का? याचं कुणी असेल का? सगळ्यांचं कुणी ना कुणी होतं. जत्रेत हरवलेल्या माणसाला जसे सगळे घोळक्याने चालताना दिसतात, तसं मला ते गाव दोघादोघांचं दिसायला लागलं.

वकीलसाहेब पाण्यात का उतरत नाहीत, हे मला मारुतीनेच सांगितलं. त्यांची जोडी अदालतीतल्या पेशकाराशी होती. दस्तगीरसाब. दोघांचं दिवसभर अदालतीत वाजायचं. वकील म्हणायचे पेशकार मुद्दाम तारखा लांबवतो, पेशकार म्हणायचे वकील मुद्दाम लांबण लावतो. संध्याकाळी मात्र दोघे एका पायरीवर कपडे ठेवून पाण्यात. वीसेक वर्षं हे चाललं. त्या उन्हाळ्यात दस्तगीरसाब तापाने गेले.

शुक्रवारच्या आदल्या संध्याकाळी मारुतीने आम्हा दोघांना एकाच पायरीवर गाठलं.

‘‘वकीलसाब, दस्तगीरसाब गेले, तशी जोडी सुटली तुमची. औंदा दुसरी धरा. हे मास्तर हायत. एकलेच हायत.’’

‘‘दुसरी धरा म्हणतो! धोतर आहे का रे, फाटलं की दुसरं धरायला?’’

‘‘पोरगं चांगलं हाय. बी. ए. शिकलंय.’’

‘‘स्थळ घेऊन आलाय लेकाचा. पत्रिका बघितलीस? मंगळ आहे का?’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘मास्टरसाब, राग नका मानू. मला जोडी नको. मी आता नदी बघणारा माणूस झालोय.’’

मी ‘राग कसला’ म्हणालो आणि खोलीवर आलो. चूल पेटवली नाही.

शुक्रवारी मी घाटावर गेलो तो नुसता बघायला. आकाश निवळलेलं. नदी थोडी उतरली होती, पण मध्यावर अजून तिची पाठ फुगलेली दिसत होती. घाटाच्या बरंच वर, एका चिंचेपाशी पोहणारे जमले होते. खालून पायऱ्यांवरून मारुतीचा आवाज, काठाचं उत्तर, हलगीचा ठोका, आणि दोन फेटे पाण्यात. पुन्हा दोन नावं. पुन्हा ‘हाय!’ मी चिंचेखालच्या गर्दीत उभा राहून प्रत्येक जोडीसाठी ‘हाय’ म्हणत होतो. घसा बसला होता.

कुणीतरी पाठीला छत्रीचं टोक लावलं. वकील होते. कोट नव्हता, लंगोटावर पंचा होता, आणि हातात दोन फेटे.

‘‘फेटा बांधता येतो, का तेही मीच शिकवू?’’

‘‘वकीलसाहेब, तुम्ही काल तर...’’

‘‘काल गुरुवार होता. उपास होता माझा, उपाशी माणसाचा जबाब धरत नाहीत. डोकं खाली करा.’’

त्यांनी माझ्या डोक्याला फेटा बांधला. घडीत पीठ ठेवताना थोडं माझ्या भुवयांवर सांडलं. ते त्यांनी अंगठ्याने पुसलं. लहानपणी भोपळा बांधताना वडिलांनी माझी पाठ अशीच पुसली होती, त्यानंतर मला कुणी हात लावला नव्हता.

‘‘नीट ऐका,’’ ते म्हणाले. ‘‘इथून उतरायचं आणि नदीला नेऊ द्यायचं. ती आपणहून देवळापाशी सोडते. समोर बघायचं नाही, तिच्याशी भांडायचं नाही. वाहत्या अंगाला मी राहतो.’’

‘‘नरहरराव वकील, किशन मास्तर!’’ मारुती खालून ओरडला. त्याच्या आवाजात हसू होतं. ‘‘जोडी हाय का?’’

‘‘हाय!’’

तो आवाज मी पुढे कितीदा मनात वाजवला असेल. पाण्याच्या थंडाव्याआधी तो अंगावर आला.

सुरुवातीला मी सांगितल्याप्रमाणे गेलो. नदी आम्हाला तिरपं नेत होती, वकील डाव्या हाताला, माझ्यापासून एका हाताच्या अंतरावर. मग मध्य धार आली आणि मला समोर, अगदी सरळ रेषेत, पैलतीरावरची माणसं दिसली. लाल लुगडी, गोवऱ्यांचा धूर. कुणीतरी हात हलवत होतं. आणि माझे पाय मुखेडचे झाले. विहिरीत जन्म गेलेल्या माणसाला एकच कळतं, की दगड समोर दिसला की सरळ जाऊन धरायचा. जुगराफिया शिकवणारा मी, वर्गाच्या नकाशावर याच नदीचा प्रवाह पट्टीने दाखवणारा मी, प्रवाहाला आडवा होऊन हात मारायला लागलो.

‘‘मास्तर! वाहू द्या!’’

मला ऐकू येत होतं, पण हातांना येत नव्हतं. माणसं सरकायला लागली. देऊळ सरकलं, धूर सरकला. फेट्यात पाणी शिरलं आणि भिजलेलं पीठ कपाळावरून डोळ्यांत उतरलं.

‘‘नदीशी वाद घालू नका! आपण अदालतीत नाही!’’ आणि लगेच, ‘‘डोक्यातलं सगळं बाहेर यायला लागलंय तुमच्या!’’

नाकातोंडात पाणी जात असताना मला हसू आलं. हसलो म्हणून हात सैल पडले, आणि हात सैल पडले म्हणून नदीने मला उचललं. डोळे पुसून पाहिलं तर वकील तिथेच होते, डाव्या अंगाला, एका हाताच्या अंतरावर. त्यांना देवळापाशी लागणं सहज शक्य होतं. जागा अजून हाताशी होती, पीठही कोरडं होतं. त्यांनी एकदा मान वळवून देवळाकडे पाहिलं आणि ते माझ्याबरोबर वाहत आले.

आम्ही खूप खाली, कुणाच्या तरी अंबाडीच्या शेतात लागलो. चिखलात गुडघे टेकून मी खोकत होतो. वकील उभे राहिले, फेटा सोडला, आत बोट घालून पाहिलं. शेवटी शेवटी त्यांचंही पीठ भिजलं होतं. त्यांनी ते झटकून दिलं.

काठाकाठाने परत चालत निघालो. वरून हलगीचा आवाज वाऱ्यावर येत होता, जात होता. अनवाणी पायांना काटे लागत होते. ते समोर पाहत चालत होते. मला वाटलं रागावले. मग म्हणाले, ‘‘मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लहानपणापासून. दस्तगीर नेहमी माझ्या डावीकडून पोहायचा. तिकडची नदी तो ऐकायचा.’’

मी वाकून तळव्यातला काटा काढला.

‘‘आज डावीकडं कुणीच नव्हतं,’’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘‘पण लक्ष ठेवावं असे उजवीकडं तुम्ही होतात. बरं झालं.’’

देवळापाशी पोचलो तेव्हा रोट मोडून होत आला होता. नावेने पैलतीरी आलेला मारुती म्हणाला, ‘‘वकीलसाब, पीठ भिजलेल्याला रोट न्हाई. तुमाला ठावं हाय.’’

‘‘रोट कोरड्या पिठाचा करावा, असा कायदा आहे,’’ वकील म्हणाले. ‘‘खाणारा कोरडा असावा असं कुठं आहे? दाखव.’’

सगळे हसले. आम्हाला दोघांना मिळून एक करपलेली कड मिळाली. वकिलांनी तिचे दोन तुकडे केले आणि मोठा मला दिला.

‘‘पुढच्या साली,’’ ते तोंडातला घास सांभाळत म्हणाले, ‘‘सरळ पोहायचं नाही.’’

पुढच्या साली मी नांदेडात नव्हतो. उन्हाळ्यातच तबादल्याचा हुकूम आला, लातूर. निरोप घ्यायला घाटावर गेलो तर वकील एका खटल्यासाठी परगावी गेलेले. पत्र लिहावं इतकी आमची ओळख नव्हती. काय लिहिणार? ‘सप्रेम नमस्कार, आपण एकदा बरोबर वाहून गेलो होतो’?

लातूर तेव्हा तूर आणि कापसाच्या व्यापाराचं गाव. हवेत डाळीच्या टरफलांची धूळ, बैलगाड्यांच्या रांगा, आडत्यांचे आवाज. माणसं कामाची, बोलणं मोकळं. फक्त गावाला नदी नव्हती. मांजरा आहे, पण ती गावापासून लांबून जाते. संध्याकाळ झाली की माझे पाय उताराच्या दिशेने निघायचे आणि उतार एखाद्या शेतात संपायचा. पहिल्या भाद्रपदात मी नांदेडला जाण्यासाठी रुखसत, म्हणजे रजा, मागितली. कारण काय लिहावं ते सुचेना. ‘नदी ओलांडणे’ असं लिहिलं असतं तर शाळाखात्याच्या मोहतमीमसाहेबांनी मला वेड्यात काढलं असतं. ‘घरगुती काम’ लिहिलं. नामंजूर झाली. त्यानंतरच्या भाद्रपदात या गावातून त्या गावात जाणंसुद्धा धाडसाचं होतं. रस्ते बंद, गाड्या बंद, रात्री कुत्री भुंकली तरी लोक उठून बसत. ते दिवसही गेले, निजामाची अमलदारी गेली, सुट्टी शुक्रवारची रविवारवर गेली, नदीचा दिवस मात्र शुक्रवारच राहिला. मग लग्न झालं, मुलं झाली, बढती मिळाली.

तक्रार कशाची करणार? ज्याच्या बापाला सही येत नव्हती त्याने मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून उभ्या तालुक्याच्या पोरांना शिकवलं. लातूरने मला पोटाशी धरलं. तरी वर्षातून एक दिवस, गौरी गेल्यानंतरच्या त्या दुपारी, मला वर्गात एकदम फार एकटं वाटायचं. पोरं पाढे म्हणत असत, खिडकीतून ते पिवळं ऊन येत असे, आणि मला दिसायचं की आत्ता तिकडे दोन-दोन नावं पुकारली जात असतील. वकिलांना एव्हाना चांगला जोडीदार मिळाला असेल, डावीकडून पोहणारा. माझं तिथे काय उरलं? एका पावसाळ्यापुरता आलेला, रोटाची कड खाऊन गेलेला एक मास्तर. मला तिथे कोण ओळखतं?

बऱ्याच वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी नांदेडला गेलो. काम आटोपून घाटावर गेलो. उन्हाळा होता. नदी आटून पार दुसऱ्या काठाला जाऊन निजली होती, मध्ये वाळू आणि टरबुजांचे वेल. मारुती नावेच्या सावलीत बसला होता. म्हातारा झाला होता, एका डोळ्यात फूल पडलं होतं. मी नाव सांगितलं. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

‘‘वकीलसाब गेले,’’ तो म्हणाला. ‘‘दिवाळीच्या म्होरं. झोपेतच.’’

मी वाळूवर बसलो. थोड्या वेळाने विचारलं, ‘‘त्यांची जोडी कुणाशी होती शेवटी?’’

मारुती माझ्याकडे पाहत राहिला.

‘‘कुनाशी म्हंजे? तुमच्याशी.’’

‘‘पण मी तर एकदाच...’’

‘‘मंग? एकदा धरली की धरली. आमी म्हनायचो, वकीलसाब, मास्तर आता येत न्हाई, सोडा म्हना आन् दुसरा घ्या. लई पोरं तयार हुती. तर म्हनायचे, का सोडू? तो काय मेलाय का? लातुरात हाय. पुकार तू. मंग मी पुकारायचो. नरहरराव वकील, किशन मास्तर, जोडी हाय का? आधी आधी लोक हसायचे. पुढं पुढं सगळा काठ ‘हाय’ म्हनायचा. मंग वकीलसाब तितंच पायरीवर बसून राहायचे. पान्यात न्हाई उतरले कधी. जोडी हाय पर इथं न्हाई, मंग उतरनार कसे?’’

टरबुजाच्या वेलांवरून गरम वारा येत होता. मी लातूरच्या त्या सगळ्या दुपारी एकेक करून आठवत होतो, खिडकी, पाढे, ते ऊन. त्या प्रत्येक दुपारी इथे एवढी माणसं माझं नाव घेत होती.

‘‘गुरुजी, एक इचारू?’’ मारुती म्हणाला. ‘‘त्या दिशी तिकडं तुमाला उचकी लागत असंल न्हाई? इतकी मान्सं नाव घ्यायची.’’

मला आठवेना. खरंच एकदाही आठवेना.

‘‘हो,’’ मी म्हणालो. ‘‘लई लागायची. पाणी प्यालो तरी थांबायची नाही.’’

मारुतीने समाधानाने मान हलवली.

‘‘मंग बरं,’’ तो म्हणाला. ‘‘वकीलसाब दरसाल इचारायचे.’’